घरी बसा म्हणणाऱ्यांनी घरी बसणाऱ्यांसाठी काय केलं? कोविड आणि वेगवेगळे देश

रेवती_म

कोविडचा विषय निघाला की आमच्या घरात अजून दोन तट पडतात. एका बाजूचं म्हणणं, स्वीडनने लॉकडाउन केला नाही, त्यांचं काय बिघडलं? दुसरी बाजू म्हणते, न्यूझीलंडने कडक केला म्हणून माणसं वाचली. इतकी वर्षं झाली, वाद तिथेच आहे. मला वाटतं मोजपट्टीच चुकतेय. लॉकडाउन केला की नाही केला, हे बाजूला ठेवू. ज्या सरकारने 'घरी बसा' सांगितलं, त्याने घरी बसणाऱ्याच्या पोटाची काय सोय केली, हे आधी बघू.

मी मुंबईत महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे. २०२० च्या जूनमध्ये आमच्यातल्या बऱ्याच जणींना वॉर्डाच्या वॉर रूममध्ये ड्यूटी लागली. मुंबईचे २४ वॉर्ड, प्रत्येकाची आपली वॉर रूम. लॅबचे रिपोर्ट आधी पालिकेकडे यायचे आणि मग आम्ही एकेकाला फोन लावायचो. समोर छापील तक्ता: नाव, वय, मोबाइल, घरात माणसं किती, संडास आतला की सार्वजनिक. शेवटचा रकाना 'शेरा'.

एक फोन मी विसरू शकत नाही. बाजारात हमाली करणारा माणूस, वय बत्तीस. रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे म्हणून सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न, "बाई, किती दिवस?" मी म्हटलं, चौदा. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आजची पाळी मारून येतो, उद्यापासून बसतो." मी समजावलं, रागावलेसुद्धा. तेव्हा कळलं की मुकादम आठवड्याचा हिशेब त्या दिवशी संध्याकाळी करणार होता, आणि जो हजर नाही त्याचे पैसे पुढच्या आठवड्यावर जात होते. घरात सहा माणसं, खोली एक, डब्यात दोन दिवसांचं पीठ. अशा वेळी शेऱ्यात 'सहकार्य करत नाही' असं लिहायचं ठरलेलं होतं. माझ्याच्याने ते लिहवलं नाही.

तेव्हापासून कुठल्याही देशाचं काही वाचलं की मी आधी तेच शोधते. तैवानने क्वारंटाइनमध्ये बसणाऱ्याला दिवसाला हजार तैवानी डॉलर दिले. ब्रिटनमध्ये आजारी रजेचा कायद्याने ठरलेला भत्ता आठवड्याला ९५ पौंड ८५ पेन्स होता. एवढ्यात लंडनमध्ये घरभाडंही निघत नाही. कमी पगाराच्या माणसांसाठी वेगळे ५०० पौंड आले ते सप्टेंबर २०२० च्या अखेरीस, पहिली लाट ओसरून गेल्यावर. लॉकडाउन दोघांच्या नावापुढे मांडून बघितलं तर भलतंच दिसतं. ब्रिटनने तो २३ मार्चला लावला, तैवानने त्या वर्षी लावलाच नाही. २०२० संपलं तेव्हा तैवानमध्ये कोविडने गेलेली माणसं सात होती.

आपल्याकडे २४ मार्चला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि बारापासून सगळं बंद. चार तास. माणशी महिना पाच किलो जादा धान्य जाहीर झालं, पण ज्याचं रेशनकार्ड गावाकडच्या पत्त्यावर, त्याने ते मुंबईत, जालन्यात कुठून उचलायचं? ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून भुसावळकडे चालत निघाले होते. रुळांवर पडलेल्या पोळ्यांचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय. ते नियम मोडायला घराबाहेर पडले नव्हते. घर गाठायलाच निघाले होते.

आणि त्याच महिन्यांत धारावी. पहिला रुग्ण १ एप्रिलला. अडीच चौरस किलोमीटरच्या आत आठ-दहा लाख माणसं, बहुतेकांचा संडास सार्वजनिक. तिथे 'घरीच वेगळं राहा' म्हणण्यात अर्थ नाही, हे जी उत्तर वॉर्डाने पहिल्याच आठवड्यांत ओळखलं. शाळा, हॉल, क्रीडा संकुल ताब्यात घेतलं. तिथे खाट, दोन वेळचं जेवण, डॉक्टर. वस्तीतले खासगी डॉक्टर पालिकेच्या पथकांबरोबर गल्लीगल्लीत फिरले. संडास दिवसातून अनेकदा धुतले. लोक आपणहून सेंटरला जायला लागले, कारण तिथे घरच्यापेक्षा बरं जेवण आणि पाय पसरायला जागा होती.

बाहेरच्या देशांत राहणाऱ्यांनी तिकडचं लिहावं. धोरणाचा कागद मला इथे बसून वाचता येतो. प्रत्यक्ष हातात काय पडलं ते तुम्हीच सांगू शकता.

---

मेधा_गोथेनबर्ग

रेवती, फार आतून लिहिलं आहेस. स्वीडनचं मी सांगते, कारण भारतात आणि इथेही त्याबद्दल दोन्ही बाजूंनी खोटं बोललं जातं.

'स्वीडनने काहीच केलं नाही' हे खोटं. मार्चमध्येच सोळा वर्षांवरच्या मुलांचं शिक्षण आणि विद्यापीठं ऑनलाइन गेली. ५० च्या वर माणसं जमवायला बंदी आली, नोव्हेंबरात तर आठच्या वर. १ एप्रिलपासून वृद्धाश्रमात भेटीला बंदी. नववीपर्यंतच्या शाळा मात्र चालू राहिल्या आणि त्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. माझी धाकटी तेव्हा दुसरीत होती, तिची शाळा एक दिवसही बंद नव्हती. माझ्या भावाची मुलगी नाशिकजवळ पाचवीत होती, ती दीड वर्ष वर्गात पाय टाकू शकली नाही. घरात मोबाइल एक, तोही तिच्या बाबांबरोबर कामावर जायचा.

तुझ्या प्रश्नाकडे येते. इथे आजारी पडलं की पहिल्या दिवसाचे पैसे कापले जातात. त्याला 'कारेन्स' म्हणतात. तासाच्या पगारावर काम करणारी बाई शिंकत-खोकत का होईना, पहिल्या दिवशी कामावर येते ती यामुळे. सरकारने ११ मार्च २०२० पासून ती कपात स्वतः भरून द्यायला सुरुवात केली. डॉक्टरचा दाखला आणायची मुदतही लांबवली. कोणीही सामान्य माणूस अंदाजाने म्हणू शकला, 'घसा दुखतोय, आज येत नाही', आणि त्याचा खिसा रिकामा झाला नाही. स्वीडनच्या 'ऐच्छिक' धोरणामागे ही सोय होती. ती न सांगता नुसतं 'लोकांवर विश्वास ठेवला' म्हणणं अर्धवट आहे.

आता जे चुकलं ते. मी वृद्धांच्या घरी जाऊन मदत करण्याचं काम करते: आंघोळ, गोळ्या, जेवण गरम करून देणं. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये एका फेरीत आठ-दहा घरं असायची. मास्क नव्हते. मागितले तर उत्तर यायचं, लक्षणं नसतील तर गरज नाही. एका आजींना रोज मी भरवत होते, दोन फुटांवर तोंड. त्या एप्रिलमध्ये गेल्या. माझ्यामुळे गेल्या का, हे मला कधीच कळणार नाही. त्या वर्षी स्वीडनमध्ये शेजारच्या नॉर्वे-फिनलंडच्या कितीतरी पट माणसं गेली. मोठा भाग वृद्धाश्रमांतल्या आणि घरी सेवा घेणाऱ्या म्हाताऱ्यांचा होता. डिसेंबर २०२० मध्ये चौकशी आयोगाने स्पष्ट लिहिलं की वृद्धांची काळजी घेणारी व्यवस्था आधीपासून कमकुवत होती आणि ते सरकारांना माहीत होतं. राजाने त्याच महिन्यात 'आपण अपयशी ठरलो' असे शब्द वापरले. फेब्रुवारी २०२२ च्या शेवटच्या अहवालात आयोग म्हणाला की सक्तीऐवजी सल्ल्याचा मार्ग एकंदर बरोबर होता, पण पहिल्या काही आठवड्यांत आणखी कडक आणि लवकर पावलं हवी होती. पुढच्या दोन वर्षांत बाकी युरोपात मृत्यू वाढत गेले आणि तिन्ही वर्षं एकत्र धरली तर नेहमीपेक्षा जास्तीच्या मृत्यूंत स्वीडन युरोपात खालच्या रांगेत येतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या आजींच्या मुलीला दुसरी सांगायला माझी जीभ रेटत नाही.

---

नदीकाठ

वाचतेय. मेधाताई, शाळांबद्दल अगदी पटलं. मी पाचवीला शिकवते. २०२१ च्या ऑक्टोबरात ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग उघडले तेव्हा माझ्यासमोर बसलेल्या निम्म्या मुलांना जोडाक्षरं वाचता येत नव्हती. तिसरीत येत होती.

---

चिकित्सक

रेवतीताई, प्रश्न मोलाचा आहे, पण देशांची तुलना करताना एका गोष्टीकडे दुर्लक्ष होऊ नये. आकडे मुळात कोणी किती प्रामाणिकपणे मोजले?

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२०-२१ या दोन वर्षांतल्या जास्तीच्या मृत्यूंचा अंदाज दिला. जगात सुमारे १ कोटी ४९ लाख, त्यातले भारतात ४७ लाख. आपला अधिकृत आकडा त्या वेळी पाच लाखांच्या आसपास होता आणि सरकारने संघटनेची पद्धतच अमान्य केली. मधला खरा आकडा कुठलाही असो, एवढी दरी असलेल्या देशाची रांग कुठे लावायची?

देशातल्या देशातही हेच. जुलै २०२१ मध्ये केरळात रोजचे रुग्ण सगळ्यांत जास्त दिसत होते आणि केरळ मॉडेल फसलं अशी ओरड चालली होती. त्याच सुमारास आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेचं चौथं रक्ततपासणी सर्वेक्षण आलं. प्रतिपिंडं, म्हणजे लागण किंवा लशीची रक्तातली खूण, सापडली मध्य प्रदेशात ७९ टक्के लोकांत, महाराष्ट्रात ५८, केरळात ४४.४. म्हणजे सगळ्यांत कमी लागण झालेल्यांपैकी एक राज्य सगळ्यांत जास्त रुग्ण दाखवत होतं, कारण तिथे शोधून शोधून तपासत होते.

आणि आधीच्या तयारीची प्रगतिपुस्तकं? ऑक्टोबर २०१९ च्या जागतिक आरोग्य सुरक्षा निर्देशांकात अमेरिका पहिली होती, ब्रिटन दुसरा. न्यूझीलंड ३५ वा.

---

रेवती_म

@चिकित्सक, मान्य. मी तर ते आकडे भरणाऱ्यांतलीच. एका घरातून एक पॉझिटिव्ह आला की बाकीचे तपासणीला यायला नकार द्यायचे, कारण आणखी एक सापडला तर आणखी एकाचा रोज बुडणार. जिथे घरी बसायचे पैसे मिळतात तिथे माणूस तपासायला घाबरत नाही. मोजणीची गोष्ट मला माझ्या प्रश्नापासून वेगळी वाटत नाही.

---

सुवॉनवासी

याच मुद्द्यावर दक्षिण कोरिया.

२०१५ मध्ये इथे मर्स या श्वसनाच्या रोगाची साथ आली होती. १८६ रुग्ण, ३८ मृत्यू. आकडा लहान, पण देश हादरला. त्यानंतर संसर्गजन्य रोगांचा कायदा बदलला. नव्या रोगाच्या चाचणीला तातडीची परवानगी देण्याची सोय झाली आणि विलगीकरणात ठेवलेल्या माणसाला पगारी रजा किंवा निर्वाहभत्ता देण्याचीही. म्हणून २७ जानेवारी २०२० ला, देशात रुग्ण मोजून चार असताना, अधिकाऱ्यांनी सोल स्टेशनवरच्या एका खोलीत चाचणी बनवणाऱ्या कंपन्यांना बोलावलं आणि ४ फेब्रुवारीला पहिल्या चाचणीला मान्यता मिळालीसुद्धा. देशभर लॉकडाउन कधीच झाला नाही. १५ एप्रिलला संसदेची निवडणूक झाली, हातमोजे घालून मतदान.

मी स्वतः २०२० मध्ये पुण्याहून परतलो. चौदा दिवस घरात. दुसऱ्या दिवशी दाराशी खोकं: मास्क, सॅनिटायझर, थर्मामीटर, कचऱ्यासाठी वेगळ्या पिशव्या, तांदूळ, नूडल्स, पाकीटबंद सूप. फोनवर ॲप, दिवसातून दोनदा ताप भरायचा. पालिकेची एक बाई रोज फोन करायची. मी शाकाहारी आहे कळल्यावर तिने सुकी समुद्री शेवाळाची पाकिटं आणि बटाटे ठेवले. नाव कधी कळलं नाही तिचं.

दुसरी बाजूही लिहितो. रुग्ण कुठे कुठे गेला ते क्रेडिट कार्ड, मोबाइल आणि कॅमेऱ्यांवरून काढून प्रसिद्ध करायचे. आमच्या फोनवर संदेश यायचे, अमुक वयाचा पुरुष अमुक वाजता अमुक दुकानात. शेजारी ओळखायचे. मे महिन्यात सोलच्या इथेवॉन भागातल्या क्लबांतून साथ पसरली तेव्हा तिथे जाणारे समलिंगी तरुण आपली ओळख उघड होईल या भीतीने तपासणीलाच येईनात. मग सोलने नाव न सांगता चाचणी सुरू केली आणि रांगा लागल्या. पैशाची भीती त्यांनी आधीच काढली होती, बदनामीची राहून गेली होती.

---

ऑकलंडकर

न्यूझीलंडचं मी लिहितो. सोपं नाही लिहिणं.

मार्च २०२० मध्ये मी एका हॉटेलच्या किचनमध्ये होतो. २५ तारखेला रात्री बारापूर्वी सगळं बंद. मालकाने दुपारीच सांगितलं, सरकारकडे अर्ज केलाय. आठवड्याला ५८५ डॉलर ८० सेंट, बारा आठवडे. काही दिवसांत पैसे त्याच्या खात्यात आणि तिथून माझ्या. कोणत्या मालकाने किती कामगारांसाठी किती घेतले हे सरकारी साइटवर कोणालाही शोधता येत होतं. मी आमच्या हॉटेलचं नाव टाकून बघितलं होतं, आकडा बरोबर होता. ८ जूनला देशात एकही रुग्ण उरला नाही. आम्ही रस्त्यात नाचलो होतो, खरंच.

पण ते यश ज्या दारावर उभं होतं ते दार माझ्यासाठी बंद झालं. परत येणाऱ्याला हॉटेलात दोन आठवडे राहावं लागे आणि खोल्या मोजक्या. ११ एप्रिल ते २८ एप्रिल २०२१ भारतातून येणाऱ्या विमानप्रवाशांना, इथल्या नागरिकांनासुद्धा, बंदी होती. माझे वडील १९ एप्रिलला गेले, सातारा जिल्ह्यात. जाऊ शकलो असतो, पण परत केव्हा येता येईल ते कोणी सांगू शकत नव्हतं आणि इथे बायको आठ महिन्यांची गरोदर. अंत्यविधी चुलतभावाने पीपीई घालून केले. दहावा मी व्हिडिओ कॉलवर बघितला. कावळा शिवेपर्यंत रेंज टिकली नाही.

त्यानंतर खोल्यांची सोडत निघायला लागली. हजारो माणसं स्क्रीनसमोर, नंबर लागला तर लागला. एप्रिल २०२२ मध्ये इथल्या हायकोर्टाने म्हटलं की त्या सोडतीने काही नागरिकांचा मायदेशी परतायचा हक्क डावलला गेला. तोवर दारं उघडली होती.

न्यूझीलंडने आतल्यांची काळजी घेतली, मनापासून घेतली. आमची मुलगी सुखरूप जन्मली त्यात त्या धोरणाचा वाटा आहे, हे मी रोज मान्य करतो. बाहेर अडकलेल्यांची काळजी त्या हिशेबात नव्हती.

---

नदीकाठ

ऑकलंडकर दादा, काय लिहू. 🙏

---

तालुक्याचा_डॉक्टर

मराठवाड्यातल्या एका तालुक्यात माझं वीस खाटांचं रुग्णालय आहे. पोटाच्या प्रश्नाला एक बाजू जोडतो: आजारी माणसाचा पैसा कशावर गेला.

ब्रिटनने आजारी रजेत हात आखडला, पण एका गोष्टीसाठी त्यांना नमस्कार. मार्च २०२० मध्ये त्यांनी सरकारी रुग्णालयांतच 'रिकव्हरी' नावाची मोठी चाचणी उभी केली. साधा फॉर्म, चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी. १६ जूनला निकाल आला: डेक्सामिथाझोन दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू तिसऱ्या हिश्श्याने घटले, ऑक्सिजनवरच्यांचे पाचव्या हिश्श्याने. हे औषध माझ्या कपाटात नेहमी असतं. काही रुपयांत मिळतं. त्याच चाचणीने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन निरुपयोगी ठरवलं आणि पुढे बऱ्या झालेल्यांच्या रक्तातून काढलेला प्लाझ्माही.

पण प्लाझ्माचं उत्तर आपल्याकडे त्याआधीच होतं! आयसीएमआरने स्वतः ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली, ऑक्टोबर २०२० मध्ये ती छापून आली, फायदा नाही असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा काढला तो मे २०२१ मध्ये. मधल्या सात महिन्यांत, विशेषतः त्या एप्रिलमध्ये, नातेवाईक रात्री दोन वाजता दाता शोधत रक्तपेढ्यांचे उंबरे झिजवत होते.

रेमडेसिविरचं तेच. नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दाखल रुग्णांना ते देऊ नका असा सल्ला दिला होता. एप्रिल २०२१ मध्ये माझ्यासमोर एका शेतकऱ्याने दोन गायी विकून आणलेले पैसे ठेवले, 'सहा इंजेक्शनं कुठूनही आणा साहेब'. मी सांगितलं, तुमच्या वडिलांना याने गुण येईल असं नाही, डेक्सा चालू आहे, ऑक्सिजन चालू आहे. तो म्हणाला, मग बाजूचे डॉक्टर का लिहून देतात? माझ्याकडे त्याला पटेल असं उत्तर नव्हतं. त्याने ती आणली. वडील वाचले, आणि आजही त्याला वाटतं इंजेक्शनाने वाचले.

ज्या देशात उपचार फुकट असतो तिथे निरुपयोगी औषध बंद करणं सरकारला सोपं जातं. इथे प्रत्येक घर आपापला उपचार विकत घेतं, आणि माणूस मरत असताना कोणी हात आवरत नाही.

नंदुरबारचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांनी दुसऱ्या लाटेच्या आधीच हवेतून ऑक्सिजन काढणारे प्रकल्प बसवून घेतले. आदिवासी जिल्हा, साधनं तुटपुंजी. दुसऱ्या लाटेत आम्ही टँकरची वाट बघत होतो तेव्हा तिथे ऑक्सिजन होता.

---

चिकित्सक

डॉक्टरसाहेब, प्लाझ्माच्या तारखा अशा एकापुढे एक मी कधी लावून बघितल्या नव्हत्या. माझ्या मेहुण्यासाठी आम्ही मे २०२१ च्या पहिल्या आठवड्यात दोन पिशव्या आणल्या होत्या. तो गेला.

---

आशाची_लेक

माझी आई आशा स्वयंसेविका आहे, सांगली जिल्ह्यात. तुमच्या चर्चेत घरी बसणारे आले, घरी बसवणाऱ्या पण याव्यात.

'माझे कुटुंब माझी जबाबदारी' चालू होतं तेव्हा ती दिवसाला पन्नास घरं करायची. तापाची बंदूक, बोटाला लावायचं यंत्र, वही. परत आली की अंगणात नळाखाली डोक्यावरून पाणी घ्यायची, मगच उंबरा ओलांडायची. ती नोकरदार नाही, स्वयंसेविका. म्हणजे पगार नाही, मोबदला. ती आजारी पडली तेव्हा चौदा दिवसांचा कामाचा मोबदला गेला, कारण केलेल्या कामाचेच पैसे. स्वीडनच्या ताईंनी लिहिलंय तसा 'कारेन्स' एका दिवसाचा असतो, माझ्या आईचा चौदा दिवसांचा होता. जून २०२१ मध्ये राज्यभरच्या आशा संपावर गेल्या तेव्हा गावातली माणसं म्हणाली, अशा वेळी संप? मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. आईने मोबाइलवर बातमी दोनदा वाचली आणि लसीकरणाच्या यादीवर बसली.

---

सुवॉनवासी

सिंगापूर कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. २०२० मधले तिथले बहुतांश रुग्ण बांधकाम मजुरांच्या वसतिगृहांतले. तीन लाखांवर माणसं, एकेका खोलीत दहा-बारा, पुष्कळसे बांगलादेशी आणि तमिळ. मजुरी, जेवण, वायफाय, औषध सगळं दिलं, मृत्यू अगदी थोडे झाले. डिसेंबरात सरकारने सांगितलं की त्यांच्यातल्या ४७ टक्के लोकांना लागण होऊन गेली. पण शहर मोकळं झाल्यावरही त्यांना बाहेर सोडलं नाही, कितीतरी महिने. पोटाची सोय झाली म्हणजे सगळं झालं, असं तिथे म्हणवत नाही.

---

रेवती_म

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. सुवॉनवासी आणि ऑकलंडकर यांच्यामुळे माझा प्रश्न मला अपुरा वाटायला लागलाय. मी पोटावर थांबले होते. बदनामी, दाराबाहेर राहिलेली माणसं, वसतिगृहात कोंडलेली माणसं, हे त्यात बसत नव्हतं. आणि @आशाची_लेक, आमच्या वॉर्डातल्या आरोग्यसेविकाही अशाच मानधनावरच्या होत्या. मी शिक्षिका म्हणून पूर्ण पगारावर ड्यूटी करत होते, माझ्या शेजारच्या खुर्चीतली बाई नव्हती. हे तेव्हा मला दिसत होतं आणि मी त्याबद्दल कुठे बोलले नाही.

२० मे २०२५ ला जिनिव्हात महामारी करार मंजूर झाला. त्यात मोठा भर लस, औषधं, चाचण्या आणि जंतूंचे नमुने देशादेशांत कसे वाटायचे यावर आहे. तेही हवंच, डॉक्टरांनी लिहिलेलं वाचल्यावर तर नक्कीच. पण राज्य आणि पालिका पातळीवर साथीच्या काळात रोजंदारीवाल्याला रोजचे किती, कोणत्या खात्यातून आणि किती तासांत द्यायचे, हे साथ नसतानाच लिहून ठेवता येईल. कोरियाने मर्सनंतर ठेवलं होतं. आपला साथरोग कायदा १८९७ चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळी केलेला. २०२० मध्ये त्यात भर घातली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना शिक्षा देण्याची. गरजेचीच होती, पण घरी बसणाऱ्याला काय द्यायचं हे त्यात अजून नाही.

---

नदीकाठ

रेवतीताई, त्या हमालाचं पुढे काय झालं?

---

रेवती_म

त्या दिवशी तो पाळीला गेला नाही. मुकादमाचा नंबर त्याच्याकडून घेऊन मीच फोन केला. मुकादम म्हणाला, बाई, माझे पण वरून येतात, पण देतो. रेशनची वेगळी तरतूद आमच्याकडे नव्हती. त्यांच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाने किट पोचवलं: पाच किलो पीठ, तांदूळ, डाळ, तेल, चहा-साखर. घरून 'मिळालं' असा फोन आल्यावरच तो सेंटरला जायला गाडीत बसला. घरातले आणखी दोघे पॉझिटिव्ह निघाले, सगळे बरे झाले. शेऱ्याच्या रकान्यात मी 'रेशन पोचले' असं लिहिलं होतं.